साडभाऊंचा ऐच्छिक विषय

दुर्गपासून भिलाईपर्यंतच्या सगळ्या वस्तीत बातमीवर आमच्या साडभाऊंइतकं प्रेम करणारा आणि बातमीला त्यांच्याइतका छळणारा दुसरा माणूस नाही, हे मी कुठल्याही कागदावर लिहून द्यायला तयार आहे. अडचण एवढीच की तो कागद त्यांच्या हाती पडला तर ते लगेच विचारतील, "सगळी वस्ती तुमी फिरून पाह्यली काय?" साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान. नात्याने मीही त्यांचा साडभाऊच, त्यामुळे आम्ही दोघंही एकमेकांना साडभाऊ म्हणतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. मी दुर्गला रेल्वेच्या ऑफिसात कारकून, राहायला मोहन नगरात. ते भिलाईला पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ तपासायच्या खात्यात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लांबलचक रुळांवर वाकून केसाएवढी चीर शोधण्यात घालवली. रिटायर झाल्यावर वैशाली नगरात घर बांधलं आणि हातातले रूळ सुटले म्हणून वर्तमानपत्र धरलं. चीर शोधायची सवय तेवढी सुटली नाही.

त्यांच्याकडे रोज चार पेपर येतात. तीन हिंदी आणि एक मराठी, नागपूरहून येणारा, त्यामुळे बहुतेक वेळा शिळा. शिळा असला तरी त्याची तपासणी ताज्याइतकीच कडक. खिडकीशी स्टूल टाकून, चष्मा कपाळावर चढवून, लाल पेन घेऊन ते बसले की ताई चहा ठेवतात, तो गार होतो, मग ताई तो गरम करून आणतात आणि तो पुन्हा गार होतो. एकदा एका पेपरात आलं की कोहक्यात शंभर वर्षांचा पिंपळ पडला. साडभाऊंनी स्कूटर काढली, थेट कोहका गाठलं. झाड पडलं होतं हे खरं, पण ते निघालं कडुनिंबाचं. शेजारच्या पानठेल्यावरच्या म्हाताऱ्याने सांगितलं, हे माझ्या लग्नाच्या साली मीच लावलेलं. साडभाऊ खिशात कडुनिंबाचा डहाळा घेऊन घरी आले आणि त्यांनी पेपरच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून एक थकलेला आवाज म्हणाला, "अंकल, पेड़ तो गिरा ना?" हे वाक्य त्यांच्या काळजात रुतून बसलं. पुढे कित्येक महिने, माझ्या बोलण्यात काही इकडचं तिकडे झालं, पाऊण तास लेट आलेली गाडी मी तासभर लेट सांगितली, की ते माझ्याकडे दुःखाने बघायचे आणि म्हणायचे, "गाडी तर आली न, साडभाऊ?"

नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तर त्यांनी राज्यच स्थापन केलं. ग्रुपवर नागपूर, वर्धा, गोंदिया आणि आम्ही दुर्ग-भिलाईवाले असे मिळून बरेच जण. तिथे एखाद्याने लिंबाच्या सालीने मधुमेह बरा होतो असं टाकलं की पाचव्या मिनिटाला साडभाऊंचा प्रश्न यायचा, ‘कोणाचा बरा झाला? नाव, वय, रिपोर्ट.’ दुसऱ्यांवर प्रश्न टाकून स्वतः मोकळं व्हायचे असं मात्र नाही. स्वतःच्या चुकांचीही ते तितक्याच निष्ठेने दुरुस्ती टाकायचे. ‘काल मी मोठ्या मामींच्या घरचे अनरसे उत्तम झाल्याचे लिहिले होते. अनरसे मी प्रत्यक्षात खाल्ले नव्हते. चुकीबद्दल दिलगीर आहे.’ यावरून मोठ्या मामी तीन आठवडे बोलल्या नाहीत. मग अशा तक्रारी ऐकायला कोणीतरी नेमलेलं असावं म्हणून त्यांनी माझ्या बायकोला ग्रुपची तक्रार निवारण अधिकारी केलं. तिने पहिली तक्रार त्यांच्याविरुद्धच नोंदवून घेतली, तेव्हा त्यांना झालेला आनंद मी पाहिलेला आहे. "पाहा, यंत्रणा काम करून राह्यली," असं ते ताईंना सांगत होते.

भाचीच्या लग्नात ते फोटोग्राफरच्या शेजारी उभे राहून जेवणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते की तोंडात घास असतानाचा फोटो चालेल का. अर्ध्या लोकांना वाटलं मुलाकडचे आहेत, अर्ध्यांना वाटलं केटरर आहेत. ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बापू, याईले कुठं तरी गुंतवा. घरात राह्यले तर मलेच सोर्स विचारतात."

गुंतायची सोय त्यांनी स्वतःच केली. एके सकाळी त्यांचा फोन आला. आवाज इतका चढलेला की मला वाटलं लॉटरी लागली. म्हणाले, "साडभाऊ, ॲडमिशन झाली. पत्रकारितेचा डिप्लोमा. एक वर्षाचा." मी विचारलं, "या वयात पत्रकार व्हाले?" तर म्हणाले, "पत्रकार कायले? मले फक्त एक विषय शिकाचा आहे. माध्यमांचा कायदा अन् नीतिमत्ता. बाकीचे विषय त्याच्यासंगं फुकट भेटून राह्यले." पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सगळी पोरं उभी राहिली. साडभाऊही आदराने दारातच थांबले, मागून मास्तर येत असतील म्हणून. कोणीच येईना. शेवटी त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर वर्षभर त्यांना त्या वर्गात दोन्ही मान मिळाले. पोरं त्यांच्या वह्या मागायची आणि त्यांच्यासमोर मोबाईलही लपवायची.

पण त्यांचा तो लाडका विषय निघाला ऐच्छिक. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी त्याऐवजी अँकरिंग घेतलं. कायदा आणि नीतिमत्ता घेणारे एकटे साडभाऊ. शिकवायला दुर्गच्या कोर्टात वकिली करणाऱ्या सेन मॅडम यायच्या. भिलाईतच जन्मलेल्या बंगाली बाई, प्लांटमधल्या इंजिनिअरची मुलगी, अतिशय शिस्तीच्या. त्या रोज हजेरी घ्यायच्या. एक नाव पुकारायचं, एक ‘प्रेझेंट मॅडम’ यायचं आणि रजिस्टर मिटायचं. "कौन बताएगा?" असं त्या रिकाम्या बाकांकडे बघून विचारायच्या आणि साडभाऊ हात वर करायचे. आणि साडभाऊंना भेटायला गेलं की तासभर सुटका नाही. बलात्काराच्या बातमीत त्या बाईचं नाव का छापत नाहीत, लहान मूल कायद्याच्या कचाट्यात सापडलं तर त्याचा चेहरा का झाकतात, मानहानी म्हणजे काय, दुसऱ्याने काढलेला फोटो आपल्या बातमीत वापरता येतो का, हे सगळं ते असं सांगायचे की जणू कालच कोणीतरी त्यांना गुप्त खजिन्याचा नकाशा दिलाय. "मले कावून कोनं हे आधी नाही सांगतलं?" असं ते मला जाब विचारल्यासारखं विचारायचे. "शाळेतच शिकवाले पायजे होतं. आता तर हरेकाच्या खिशात छापखाना आहे."

दिवाळीनंतर कॉलेजने कळवलं, पाच विद्यार्थी नसतील तर हा विषय पुढच्या महिन्यापासून बंद. साडभाऊ कॅन्टीनमध्ये प्रचाराला उतरले. एकेका टेबलावर जाऊन ते पोरांना विचारायचे, "तुम्हारी लाइन में कौन-कौन रहता है, बेटा?" मग स्वतःच सांगायचे. त्यांच्या लाईनीत, म्हणजे घरांच्या रांगेत, एक तेलुगू घर, एक ओडिया, एक सरदारजी, एक मल्याळी नर्सबाई, छत्तीसगढी साहूंचं घर, एक खान, आणि हे विदर्भातले. एक वाक्य बाहेर पडलं की ते सात घरांत सात तऱ्हांनी ऐकलं जातं. कोणाला हसू येतं, कोणी दार लावून घेतं. जो वाक्य बाहेर सोडतो त्याला ही सातही घरं माहीत नकोत का? पोरं ऐकून घ्यायची, समोसा पुढे करायची, आणि अँकरिंगच्या तासाला जायची. त्यांच्यात तनुजा नावाची एक मुलगी होती, हुशार, चटपटीत, साहू आडनावाची. तिचं स्वतःचं मोबाईलवरचं बातम्यांचं चॅनल होतं आणि भिलाईत ते बऱ्यापैकी पाहिलं जायचं. ती म्हणाली, "अंकल, कानून पढ़ने बैठूँगी तो वीडियो कब डालूँगी? कोई और डाल देगा." हे सांगताना साडभाऊ माझ्यासमोर खरंच खिन्न झाले. म्हणाले, "पोट्टी खोटं नाही बोलून राह्यली, साडभाऊ. तिले घाई आहे. घाईचं उत्तर माझ्यापाशी नाही."

मग आला तो शनिवार. मला सुट्टी होती म्हणून मी दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवणं होऊन आम्ही सुपारी कातरत बसलो असताना ताईंच्या फोनवर एक व्हिडिओ आला. पुढच्या पाच मिनिटांत तोच आणखी तीन ठिकाणांहून आला. डोक्यावर टोपली घेतलेली एक गावाकडची बाई एका चार-पाच वर्षांच्या मुलीला मुरमुऱ्याचा लाडू देते, तिचा हात धरते आणि रस्ता ओलांडते. एवढंच. खाली तनुजाच्या चॅनलचं नाव आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘वैशाली नगर में बच्चा चोर?’ ताई म्हणाल्या, "अहो, हे तर आपली लाडूवाली. दर शनिवारी येते." साडभाऊंनी व्हिडिओ एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला नाही. चपला घातल्या आणि मला म्हणाले, "स्कूटर तुमी चालवा. व्हिडिओत कोहक्याच्या रस्त्यावरची टाकी दिसून राह्यली."

कोहक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाण्याच्या टाकीजवळ गर्दी दिसली. साठ-सत्तर माणसं असतील. मधोमध ती बाई जमिनीवर बसलेली, पदर फाटलेला, टोपली उपडी आणि लाडवांचा चुरा पायांखाली. कपाळावरून रक्त येत होतं. ती हात जोडून एकच वाक्य छत्तीसगढीत म्हणत होती, मी चोर नाही, मी चोर नाही. सगळे मोबाईल वर धरून होते. मी स्कूटर लावली आणि पोलिसांना फोन लावला. माझी भीती मी लपवत नाही, मी गर्दीच्या कडेलाच उभा राहिलो. साडभाऊ मात्र आत शिरले. उंचीने माझ्या खांद्याला लागणारा, वजनाने गव्हाच्या पोत्याहून हलका माणूस तो. कोणीतरी कोपर मारलं, चष्मा पडला आणि फुटला. ते तसेच पुढे गेले आणि त्या बाईच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले.

बसून त्यांनी खिशातली वही काढली. मग वर बघून, ओरडून नव्हे, ऑफिसात विचारावं तसं विचारलं, "किसका बच्चा गया है? नाम लिखाइए." त्यांनी समोरच्या धटिंगणाला विचारलं, "आपका बच्चा?" तो म्हणाला, नाही. "आपने देखा, अपनी आँख से?" तो म्हणाला, व्हिडिओमध्ये पाहिलं. साडभाऊंनी ते वहीत लिहिलं, मोठ्याने उच्चारत, "वीडियो में देखा." मग त्याचं नाव विचारलं. नाव सांगायची वेळ आली तसा तो माणूस मागे सरकला. पुढच्याला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. पण मागच्या रांगा अजून पुढे ढकलत होत्या आणि एकाच्या हातात वीट होती. मला ती वीट अजून दिसते.

त्याच वेळी गर्दीच्या पलीकडच्या टोकाला एक म्हातारी ओरडत होती. ती आधीपासूनच ओरडत होती, मी आलो तेव्हापासून, पण ती तेलुगूत बोलत होती आणि सगळे समजत होते की तीही चोराला शिव्या घालतेय. साडभाऊंनी एकदम मान वळवली. प्लांटमधला त्यांचा क्रेन ऑपरेटर तेलुगू होता, त्याच्यासोबत वीस-बावीस वर्षं डबा खाल्लेला. म्हातारी म्हणत होती, "मा मनवरालू, मा मनवरालू." साडभाऊ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, रास्ता दो उनको. वो बोल रही हैं, मेरी नातिन है. वो बच्ची इनकी नातिन है." म्हातारीला लोकांनी पुढे येऊ दिलं. तिच्या कडेवर तीच व्हिडिओतली मुलगी होती, दोन वेण्यांची, घाबरून गप्प झालेली. म्हातारीने मोडक्या हिंदीत, रडत, सांगितलं. गुडघे दुखतात म्हणून ती गेटपाशी थांबते, नातीला पलीकडे पाठवते आणि लाडूवाली तिला हात धरून परत आणून सोडते. दर शनिवारी. ती अर्धा तास हेच सांगत होती. कोणीही ऐकलं नव्हतं, कारण कोणाला समजून घ्यायचंच नव्हतं.

वीट खाली पडली. पोलीस आले तोपर्यंत गर्दी अशी पातळ झाली होती की जणू सगळे रस्त्याने सहज जात होते. म्हातारीने आपल्या पदराने लाडूवालीचं कपाळ पुसलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या बराच वेळ बोलत होत्या.

संध्याकाळी तनुजा स्वतःच साडभाऊंच्या घरी आली. चेहरा पांढरा पडलेला. व्हिडिओ तिने काढून टाकला होता. दारातच म्हणाली, "अंकल, मैंने तो सिर्फ पूछा था. क्वेश्चन मार्क लगाया था." मला वाटलं आता साडभाऊ तिला कायद्याची सगळी कलमं ऐकवतील. त्यांनी तिला आत बसवलं, ताईंना चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "किससे पूछा था, बेटा?" ती रडायला लागली. रडून झाल्यावर त्यांनी तिच्याकडून दुरुस्तीचा व्हिडिओ करून घेतला, आणि त्यात त्यांनी तिला एक शब्दही सवलत दिली नाही. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहायचं. स्वतःचा चेहरा दाखवून बोलायचं. ‘भूल हो गई’ नाही, ‘मैंने बिना पूछे डाला’ असं म्हणायचं. चार वेळा म्हणायला लावलं. पाचव्यांदा ते म्हणाले, "आता झालं."

तो व्हिडिओ आदल्या व्हिडिओच्या मानाने फारच थोड्या लोकांनी पाहिला. पण सोमवारी सेन मॅडमनी रजिस्टर उघडलं तेव्हा वर्गात तनुजा बसलेली होती आणि तिच्या मैत्रिणी तीन. साडभाऊंनी मला ऑफिसात फोन केला. साहेब समोर उभे होते तरी मी उचलला. "साडभाऊ," ते म्हणाले, "पाच झाले. बरोबर पाच. मॅडमनं हजेरी घेतली तं पाच वेळा प्रेझेंट आलं." त्यांचा श्वास लागला होता. ते कॉलेजच्या जिन्यावर उभे राहून बोलत होते आणि मागे पोरींचं हसणं ऐकू येत होतं. पुढचे चार महिने मी त्यांना जितकं खुशीत पाहिलं तितकं त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्या पाच जणांनी मिळून आजूबाजूच्या शाळांत जायला सुरुवात केली. तनुजा बोलायची, साडभाऊ मागे फळा पुसायचे. मुलांना एकच काम दिलं जायचं. घरी आलेला एक मेसेज आणायचा आणि तो खरा की खोटा हे कोणाला विचारलं तर कळेल, ते शोधायचं. कोणी आजीला विचारलं, कोणी पोस्टमनला, एका मुलीने तर सरळ कलेक्टर ऑफिसला पत्र टाकलं. साडभाऊ त्या पत्राची झेरॉक्स शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होते आणि भेटेल त्याला दाखवत होते.

परीक्षेच्या थोडं आधी तनुजाने हट्ट धरला की लाडूवालीला भेटायला जायचं. त्या शनिवारनंतर ती वैशाली नगरात दिसलीच नव्हती. मग एका रविवारी आम्ही तिघं शिवनाथ नदीपलीकडच्या तिच्या गावी गेलो. मातीचं स्वच्छ सारवलेलं अंगण होतं आणि ती मोठ्या कढईत गूळ आटवत होती. जखम भरली होती, कपाळावर पांढरा व्रण राहिला होता. तनुजाने वाकून तिचे पाय धरले. बाईने तिला उठवलं, पाट टाकला, पाणी दिलं. राग कुठेच नव्हता. लाडू आता गावातल्याच दुकानात देते म्हणाली. साडभाऊंनी उत्साहाने तिला सगळं सांगितलं, दुरुस्तीचा व्हिडिओ, शाळा, पाच विद्यार्थी. तेलुगू आजी दर शनिवारी गेटपाशी उभी असते हेही सांगितलं आणि विचारलं, मग कधी येणार? ती कढईत बघत हळूच म्हणाली, "नइ जावंव भैया. लइका ला देय बर अब हाथ नइ उठय." आता येणार नाही. लेकराला द्यायला हात उठत नाही.

आम्ही बसलो होतो तेवढ्यात शेजारची एक चिमुरडी कुंपणातून आत आली. तिने हात पुढे केला नाही, लाजून उभी राहिली. बाईने एक लाडू उचलला, तो ओट्याच्या कडेवर ठेवला आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. मुलीने तो उचलला आणि पळाली. साडभाऊ हे बघत होते. त्यांच्या तोंडात काहीतरी वाक्य आलेलं मला दिसलं, आणि ते त्यांनी गिळलं. माझ्या आठवणीत तेवढं एकदाच.

परत येताना आम्ही ऑटो केला. नदीचा पूल गेल्यावर तनुजाने विचारलं, "अंकल, परीक्षा में इनके बारे में लिखूँ क्या?" साडभाऊ बाहेर बघत होते. उन्हाळ्याने नदीत वाळूच जास्त दिसत होती. ते म्हणाले, "लिखना, बेटा. नाम मत लिखना, गाँव भी नहीं." मग तिला कळेल न कळेल अशा मराठीत, जणू स्वतःशीच म्हणाले, "बाकी सारं लिहिजो. हात नाही उठत म्हणाली, तेही लिहिजो."